मणक्यात ‘गॅप’ निघाला, मग पुढं काय?

(महासंघाच्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं हे भाषण. कापूस वेचणीमुळे ज्या सख्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते थोडं आवरतं घेऊन इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

 

सुरुवातीलाच एक काम सांगते. गेल्या वर्षभरात ज्यांची कंबर, पाठ नाहीतर मान दुखली, त्यांनी हात वर करा. बघा, हात वर न केलेल्या मोजणंच सोपं आहे! आता ज्यांना कुणी ना कुणी सांगितलंय की “तुमच्या मणक्यात गॅप आहे”, त्यांनी हात तसाच ठेवा. तरी निम्म्या हात खाली आले नाहीत. आज आपण या ‘गॅप’वरच बोलायचंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गावात मला ‘व्यायामवाल्या मॅडम’ म्हणतात. पण मॅडम व्हायच्या आधी मी ऊसतोड करणाऱ्या बाईची लेक आहे. माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची फी आईच्या गटाच्या कर्जातून भरली होती, आणि तो गट याच महासंघातला. म्हणून आज इथं उभं राहणं म्हणजे थोडीशी परतफेड समजा.

आईची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्यातल्या बऱ्याच जणींची असेल. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आई छत्तिशीची. मोळ्या उचलून तिची कंबर धरली होती. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, “पिशवी खराब झालीय. काढून टाका, कंबर थांबेल.” मुकादमाकडून उचल घेतली, पिशवी काढली. पुढच्या हंगामात आई परत फडात गेली. कंबर तशीच. वर उचल फेडायची राहिली ती वेगळीच.

पुढं मी शिकायला लागले तेव्हा आईला नीट विचारलं. कंबर कधी दुखते? वाकल्यावर. कधी थांबते? आडवं पडल्यावर. पाळीच्या वेळी वाढायची का? नाही. अंगावरून जायचं का? नाही. म्हणजे दुखत होती कंबर, आणि काढली पिशवी. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या अशाच शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा पेपर वाचून आई एवढंच म्हणाली, “मला वाटायचं, माझ्या एकटीचंच असं झालं.”

पिशवीमुळे कंबर कधीच दुखत नाही, असं मी म्हणत नाही. पाळीबरोबर येणारं दुखणं, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं याची तपासणी जरूर करा. पण वाकल्या-उचलल्यावर दुखणारी कंबर पिशवी काढून बरी होत नाही. उलट पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात अंगावर येतं आणि हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. दुखणं राहतं, आणि त्यात आणखी एकाची भर पडते.

गॅप म्हणजे नेमकं काय?

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालचे एकमेकांना जुळून गेलेले असतात, शेवटी माकडहाड. सगळे मिळून ३३. वरच्या हलणाऱ्या मणक्यांमध्ये एकेक गादी असते. मधोमध मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट दोऱ्यांचं वेटोळं. या गाद्यांमुळेच आपल्याला वाकता येतं, वळता येतं, डोक्यावर ओझं घेऊन चालता येतं.

नवी गोधडी कशी फुगीर असते? वर्षानुवर्षं अंगाखाली घातली की चपटी होते. गादीचंही तसंच. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. मग वरचा आणि खालचा मणका जवळ येतात. म्हणजे बघा, ‘गॅप पडला’ हे बोलणंच उलटं आहे. मणक्यात भोक पडत नाही की फट पडत नाही. असलेलं अंतर उलट कमी होतं. मणके जवळ आले की मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो, हाडाच्या कडेला कोंब फुटतात. एक्स-रेत तेच दिसतं. त्याला डॉक्टर स्पॉन्डिलोसिस म्हणतात. आपण झीज म्हणू.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतपर्यंत रक्तवाहिनी जात नाही. मग तिला जेवण कसं मिळतं? ओल्या फडक्यासारखं. दाबलं की पाणी बाहेर, सोडलं की आत. दिवसभर उभं राहून, ओझी उचलून आपली उंची एखाद सेंटीमीटर कमी होते, आणि रात्री आडवं पडलं की गादी पाणी पिऊन पुन्हा फुगते. म्हणजे गादीला दाब हवा आणि सोडही हवी. दिवसभर नुसतं वाकून राहिलं तर तिचं पोट भरत नाही, आणि महिनाभर खाटेवर पडून राहिलं तरी भरत नाही.

झीज दिसली म्हणजे दुखणारच का?

नाही. हेच सांगायला मी आले आहे.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा तीन हजारांहून जास्त माणसांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचा त्यात विचार केला होता. विशीतल्या शंभरातल्या ३७ जणांच्या गादीत झीज दिसली. पन्नाशीत ८०, ऐंशीत ९६. आणि यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती! गादी फुगलेली, म्हणजे रिपोर्टात ‘बल्ज’ लिहितात ती, पन्नाशीतल्या शंभरातल्या ६० जणांत होती.

म्हणजे पन्नाशीच्या बाईचा एमआरआय काढला तर काही ना काही निघणारच. डोक्यात पांढरे केस सापडावेत तसं. पण डोकं दुखायला लागलं म्हणून कुणी पांढऱ्या केसांवर ऑपरेशन करत नाही.

मग दुखणं खोटं का? मुळीच नाही. दुखणं शंभर टक्के खरं आहे. थकलेले स्नायू, एकाच ठिकाणी तासन् तास वाकणं, अपुरी झोप, घरातली काळजी, हप्त्याचं टेन्शन, हे सगळं त्या झिजलेल्या जागेवर येऊन बसतं. झीज मागं फिरवता येत नाही. पण यातल्या बऱ्याच गोष्टी आपण बदलू शकतो, आणि दुखणं त्याच्याबरोबर कमी होतं.

कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही

हे लिहून घ्या. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी अडकली, किंवा मांड्यांमध्ये, बसायच्या जागी बधिर झालं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

पायातली ताकद कमी झाली, चालताना पाऊल घासायला लागलं, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, तर लगेच दाखवा.

मान दुखतेय आणि हातातून भांडी पडतात, ब्लाऊजचं हूक लावता येत नाही, चालताना तोल जातो. ही मानेतली मुख्य दोरी दबल्याची खूण असू शकते. मलम चोळत बसू नका.

पाठ रात्रीही ठणकते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय. क्षयरोग फक्त छातीत होतो असं नाही, मणक्यातही होतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. वेळेत सापडला तर औषधाने बरा होतो. पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल, तरी अशी पाठ लगेच दाखवा.

पाळी गेल्यावर साधं घसरून पडलं, नाहीतर बादली उचलली आणि पाठीत एकाएकी असह्य कळ आली. हा मणका चेपल्याचा प्रकार असू शकतो. आईला हळूहळू पोक आलं, उंची कमी झाली, हे ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका. ती झीज नव्हे, हाडाचा ठिसूळपणा आहे. त्याला वेगळे उपचार आहेत.

आणि एक खूण. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. साठीनंतर ही तक्रार असेल तर नसांची जागा अरुंद झाली असेल. यात घाई नाही, पण तपासून घ्या.

यातलं काहीच नसेल, तर तुमचं दुखणं बहुतेक साधं आहे. आणि साध्या दुखण्याला पहिल्याच दिवशी एमआरआय लागत नाही.

रोजच्या कामात काय बदलायचं

तुम्ही म्हणाल, मॅडम, वाकू नका म्हणाल तर खुरपणार कोण? मी तसं म्हणणारच नाही. वाकल्याने मणका मोडत नाही. पण एकाच जागी दोन तास वाकणं त्याला सोसत नाही. अर्ध्या तासाने उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. जिला मागे झुकल्यावर पायात कळ जाते, तिने झुकू नये, नुसतं सरळ उभं राहून चार पावलं चालावं. खुरपताना कधी उकिडवं, कधी एक गुडघा टेकून बसा. कापूस वेचताना पाठीमागे भरलेली ओटी जड होईपर्यंत थांबू नका, लवकर रिकामी करा.

ओझ्याचं गणित एकदा ऐका. १९९९ साली जर्मनीत एका माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक यंत्र बसवून आतला दाब मोजला होता. नुसतं उभं राहिल्यावर जेवढा दाब, त्याच्या साडेचार पट दाब २० किलो ओझं पाठ वाकवून उचलताना आला. तेच ओझं गुडघे वाकवून उचललं तर साधारण साडेतीन पट. आणि उचलल्यावर छातीशी धरलं तर दुपटीच्या आसपास. म्हणून ओझं अंगाजवळ घ्या, मग उचला. उचलता उचलता कंबर पिळू नका, पाय वळवा. एका मोठ्या हंड्यापेक्षा दोन लहान कळशा, दोन्ही हातांत सारख्या. पोतं दोघींनी. आणि घरात बसलेल्या लेकाला, धन्यालाही हाक मारा. त्यांनाही मणके आहेतच!

लांब दांड्याची अवजारं, सायकल कोळपं, यांनी उभ्याने काम होतं. एकटीला घेणं परवडत नाही. पण ग्रामसंघाने चार घेतली आणि भाड्याने फिरवली, तर पैसेही वसूल होतात आणि कंबरही वाचते. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात हे घालाच, अशी माझी अध्यक्षताईंना विनंती आहे.

व्यायाम: पंधरा मिनिटं, घोंगडीवर

“दिवसभर राबतो, तो व्यायाम नव्हे का?” हा प्रश्न मला रोज येतो. कामात तेच ते स्नायू थकतात, आणि बाकीचे आळशी होतात. व्यायामात त्या आळशी स्नायूंना उठवायचं असतं.

पहिला. उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्या, दहा मोजा, सोडा. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा.

दुसरा. उताणं, गुडघे मुडपून, कंबर वर उचला. पूल झाला पाहिजे. पाच मोजून खाली. दहा वेळा.

तिसरा. आपण सारवायला बसतो तसं हात-गुडघ्यांवर या. पाठ मांजरीसारखी वर फुगवा, मग खाली सोडा. दहा वेळा, सावकाश.

चौथा. पालथं झोपून कोपरांवर या, छाती उचला, अर्धा मिनिट थांबा. याने पायातली कळ कमरेकडे वर सरकली तर चांगलं. कळ खाली पोटरीत उतरली तर हा व्यायाम तुमचा नाही, सोडून द्या. चालताना पाय भरून येणाऱ्या बायांनीही हा करू नये.

ज्यांचा मणका ठिसूळपणाने चेपलाय, त्यांनी पुढे वाकायचे व्यायाम करू नयेत, आधी विचारावं. सकाळी उठताना एकदम ताडकन उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा.

आणि चाला. रिकाम्या हातांनी, ओझ्याविना. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्या बऱ्या झालेल्या ७०१ जणांचे दोन भाग केले. एका भागातल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. पैसा लागला नाही, औषध लागलं नाही. संध्याकाळी गटातल्या चौघी मिळून निघा. गप्पाही होतील.

गोळी, पट्टा आणि पुडी

दुखण्याची गोळी दोन-चार दिवस, डॉक्टरांना विचारून, चालते. पण मेडिकलमधून आणून रोज सकाळी एक गोळी खाऊन फडात जायचं, हे थांबवा. त्या गोळ्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडावर जातात, बीपी वाढवतात. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी ‘जादू’ झाली, तर समजा त्यात स्टिरॉइड असू शकतं. महिनोन् महिने घेतलं तर तेच हाडं पोखरतं.

कमरेचा पट्टा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम आणि नीट माहिती देणं यावर भर आहे. पट्टे आणि वजनाने ताण देणं नेहमीसाठी वापरू नका, असं त्यात म्हटलंय. म्हणून दारात येऊन हजारोंचा पट्टा विकणाऱ्याला पाणी द्या, आणि पाठवून द्या.

मिशरी. आता हसू नका, अर्ध्या जणींच्या बटव्यात आहे. तंबाखू गादीचं पोषण कमी करते आणि हाडंही कमजोर करते. आधी दिवसातून एक वेळ कमी करा, मग पुढची.

हाडासाठी नाचणी खा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. तीळ, शेवग्याचा पाला, ताक हे आपल्या घरचंच आहे. पण एक अट. शेवटी उरलेलं नाही, तुमच्या ताटात आधी वाढलेलं.

कर्ज काढायच्या आधी तीन प्रश्न

गटाकडे दवाखान्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्या बाईला आपण नाही म्हणत नाही, म्हणूही नये. पण मोठा खर्च करायच्या आधी तिने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. एक, हे ऑपरेशन आज केलं नाही तर काय होईल? दोन, आधी सहा आठवडे व्यायाम आणि औषधांवर थांबता येईल का? तीन, कागद द्या, मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येते. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

दुसरं मत जिल्हा रुग्णालयात घ्या. तिथं हाडाचे डॉक्टर असतात, फिजिओथेरपीही असते. ऑपरेशन खरंच लागलंच, तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा, मग गटाकडे या. आणि ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरूनही जाऊ नका. नस दबून पाय लुळा पडायला लागला तर तेच वेळेवर केलेलं ऑपरेशन पाय वाचवतं.

माझी एवढीच मागणी आहे. आपल्या महासंघाने ठराव करावा. पिशवी काढणं किंवा मणक्याचं ऑपरेशन, तातडीचं नसेल तर, या दोन्हींसाठी कर्ज देताना गटातली एक सखी त्या बाईबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. जाण्या-येण्याचं भाडं गट देईल. कर्ज अडवायला नाही, तिला सोबत द्यायला. माझ्या आईबरोबर तेव्हा कुणी गेलं असतं, तर कदाचित उचल काढावी लागली नसती.

आई आज छप्पन्न वर्षांची आहे. तिथं, तिसऱ्या रांगेत बसलीय, आणि मी तिच्याबद्दल बोलतेय म्हणून खाली बघतेय. बारा वर्षांपूर्वी मी तिचा पहिला एक्स-रे काढला, या दिवाळीत दुसरा. झीज आधीपेक्षा जास्त आहे, आणि दुखणं आधीपेक्षा कमी. यात जादू नाही. गटाच्या कर्जावर शेळ्या घेतल्या आणि मोळी उचलणं सुटलं. रोज चालते. पूल करते, दहा नाही, आठच करते, आणि मला दहा सांगते. जास्त राबलं की अजून दुखतं. मग ती दोन दिवस बेताने घेते आणि पुन्हा कामाला लागते.

येत्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करायच्या आधी पाच मिनिटं सगळ्याजणी घोंगडीवर या. तो ठराव मांडा. आणि जिचा पाऊल घासतंय, जिला संध्याकाळी ताप येतोय, तिला त्याच दिवशी हाताला धरून दवाखान्यात न्या.